कुंडीतल्या ऑर्किडला हवा हवी

आंबोलीच्या जंगलात जून ते सप्टेंबर झाडांच्या खोडांना सुकायला उसंत मिळत नाही. त्याच खोडांवर ‘सीतेची वेणी’ हे ऑर्किड उघड्या मुळांनी घट्ट बसलेलं असतं. चार महिने धो धो पाऊस अंगावर घेतं आणि पुढच्या मे-जूनमध्ये पुन्हा फुलतं. त्याच पावसाळ्यात ठाण्या-पुण्यातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये, आठवड्याला जेमतेम कपभर पाणी मिळणारं फॅलेनॉप्सिस हे ऑर्किड मुळाशी कुजतं. नर्सरीवाला म्हणतो, ‘‘पाणी जास्त झालं.’’ हे निदान अर्धंच बरोबर आहे. पाणी जास्त झाल्यामुळे काय कमी पडलं, ते त्यात येत नाही.

फॅलेनॉप्सिस हे आग्नेय आशियातल्या जंगलांचं रोप. सीतेच्या वेणीसारखंच तेही झाडावर वाढतं, मातीशी त्याचा संबंध नाही. त्याचं मूळ आडवं कापून पाहिलं तर मधोमध दोऱ्याएवढा चिवट गाभा, त्याभोवती जिवंत पेशींचा थर आणि सगळ्यात बाहेर मेलेल्या, पोकळ पेशींचं जाड आवरण दिसतं. या आवरणाला वेलामेन म्हणतात. कोरडं असताना त्या पोकळ्यांत हवा असते, म्हणून मूळ चंदेरी दिसतं. पाणी पडलं की वेलामेन काही मिनिटांत भिजून पारदर्शक होतं, आतलं हरितद्रव्य दिसू लागतं आणि मूळ हिरवंगार होतं. पाऊस थांबून वारा सुटला की पुन्हा चंदेरी. भिजणं आणि वाळणं हे आळीपाळीने चालावं, अशीच या मुळाची घडण आहे.

आता दुकानातली कुंडी पाहा. मॉस ठासून भरलेलं, त्याला पातळ प्लॅस्टिकची कुंडी आणि तिच्याबाहेर भेट देताना बरी दिसावी म्हणून तळाला भोक नसलेली चिनी मातीची दुसरी कुंडी. पाण्यातून ऑक्सिजन पसरायला हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट जास्त वेळ लागतो. ओल्या मॉसमध्ये गाडलेल्या मुळाचा श्वास कोंडतो, पेशी मरतात आणि मेलेल्या भागावर बुरशी-जिवाणू ताव मारतात. बहुतेक घरांत क्रम हाच असतो, आधी गुदमरणं आणि मग कुजणं. पुढचा घोळ आपण घालतो. मुळं गेली की पानांना पाणी पोचत नाही, पानं मलूल होऊन सुरकुततात. रोप तहानलंय असं समजून आपण आणखी पाणी ओततो.

अशा वेळी रोप कुंडीबाहेर काढून मुळं बोटांनी दाबून पाहावीत. जिवंत मूळ टणक लागतं. मेलेलं मूळ पिचपिचीत होतं आणि त्याचं साल मोज्यासारखं सुटून आतला दोरा तेवढा हातात राहतो. रंगावर मात्र विसंबू नये, कारण मॉसच्या डागाने निरोगी मूळही तपकिरी दिसतं. पातं ज्योतीवर तापवून घ्यावं आणि मऊ झालेलं सगळं टणक भागापर्यंत कापून टाकावं. उरलेल्या मुळांना पुरेल एवढ्याच लहान, भरपूर भोकांच्या कुंडीत पाइनची साल, कोळसा किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे भरून रोप लावावं. सोडणात क्षार असतात, म्हणून तुकडे आधी भिजवून दोन-तीन पाण्यांतून काढावेत. नवी मुळं फुटेपर्यंत खत अजिबात नको.

कापल्या जागी दालचिनीची पूड लावायची पद्धत आहे. जखमेपुरती ती चालेल, पण निरोगी मुळांवर भुरभुरली तर ती वाळतात. हायड्रोजन पेरॉक्साइड ओतल्यावर फेस येतो, तो पाहून जंतू मरताहेत असं समाधान मिळतं. प्रत्यक्षात तसाच फेस धडधाकट पेशींतल्या कॅटालेझ या विकरामुळेही येतो. माझ्या मते ही बाटली कपाटातच बरी.

मूळ कुजलं तर डाव सावरता येतो, शेंडा कुजला तर बहुधा नाही. डेंड्रोबियम किंवा कॅटलिया बुडापासून नवनवे कोंब काढतात, त्यामुळे एक गेला तरी रोप राहतं. फॅलेनॉप्सिसला वाढीचा कोंब एकच, पानांच्या बेचक्यात दडलेला. झाडावर हे रोप तिरकं लोंबतं, त्यामुळे पाणी आपसूक निथळतं. कुंडीत आपण ते उभं करतो आणि बेचक्याची वाटी होते. संध्याकाळी वरून पाणी घातलं की ते रात्रभर तिथेच राहतं. मग पानांच्या बुडाशी काळपट, पाणथळ डाग पडतो आणि मधलं पान हलक्या हाताने ओढलं तरी उपसून येतं.

नारळाच्या बागायतदारांना हे लक्षण ओळखीचं वाटेल. नारळालाही कोंब एकच, आणि त्याची कोंबकुज आणि ऑर्किडची काळी कुज या दोन्हींमागे फायटोफ्थोरा पामिव्होरा हा एकच जीव असू शकतो. वनस्पतिरोगतज्ज्ञ एडविन बटलर यांनी त्याचं वर्णन १९०७मध्ये केलं, ते गोदावरीच्या मुखाजवळच्या रोगट ताडांवरून. सुपारीचा कोळेरोग आणि संत्र्यावरचा डिंक्या हीही फायटोफ्थोराच्या भाऊबंदांचीच कामं. त्यांचे बीजाणू दोन शेपट्यांच्या आधारे पाण्यात पोहतात, त्यामुळे साचलेलं पाणी ही त्यांची हक्काची वाट.

फायटोफ्थोरा दिसतो बुरशीसारखा, पण नातं सांगतो समुद्रातल्या तपकिरी शेवाळांशी. म्हणूनच ‘बुरशीनाशक द्या’ म्हटल्यावर हमखास हाती पडणारं कार्बेन्डाझिम त्याच्यावर चालत नाही. त्याला मेटॅलॅक्सिल किंवा फोसेटिल-अ‍ॅल्युमिनियम लागतं. नारळाला चालतं म्हणून बोर्डो मिश्रणही वापरू नये, त्यातलं तांबं काही ऑर्किडांना सोसत नाही. आणि कुजीला घाण वास येत असेल तर ते जिवाणूंचं काम असण्याची शक्यता जास्त, तिथे कार्बेन्डाझिम किंवा मेटॅलॅक्सिल उपयोगाचं नाही. दिवाणखान्यातल्या एका कुंडीसाठी मी तरी फवारणीच्या भानगडीत पडणार नाही. बेचक्यातलं पाणी कापसाने टिपावं, कुजका भाग काढावा, रोप तिरकं करून मंद पंख्याखाली ठेवावं. कोंब मेलाच असेल तरी निरोगी पानं आणि मुळं काढून टाकू नयेत. कधी कधी काही महिन्यांनी बुडातून पिल्लू फुटतं. त्याला फुलं यायला मात्र दोन-तीन वर्षं लागतात.

‘आठवड्यातून एकदा पाणी’ हा चिठ्ठीवरचा नियम एप्रिलच्या नागपुरात आणि ऑगस्टच्या रत्नागिरीत सारखाच कसा लागू पडेल? पारदर्शक कुंडीतून मुळं चंदेरी दिसली आणि कुंडी उचलल्यावर हलकी लागली की सकाळी पाणी द्यावं, पूर्ण निथळू द्यावं आणि मगच ती बाहेरच्या शोभेच्या कुंडीत ठेवावी.

झाडाची साल दोनेक वर्षांत कुजून तिचा लगदा होतो, मॉस तर त्याआधीच बसतं. आपल्या हवेत रोपाची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. तेव्हा कुंडी बदलायची असेल तर फुलं गळून गेल्यावर, शक्यतो मे संपायच्या आत बदला.