‘पित्त’, ‘ॲसिडिटी’ आणि ‘घशाशी येणे’ : छातीतील जळजळीचे नामकरण व निवारण

जेवणानंतर छातीच्या मध्यभागी, उरोस्थीच्या मागे जाणवणारी आणि घशाकडे सरकणारी जळजळ ही अत्यंत सामान्य व्यथा होय. तिच्यासाठी मराठीत प्रामुख्याने तीन प्रयोग रूढ आहेत : ‘पित्त होणे’, ‘ॲसिडिटी होणे’ आणि ‘घशाशी येणे’. पहिला प्राचीन वैद्यकाच्या परिभाषेतून, दुसरा इंग्रजीतून, तर तिसरा नित्याच्या बोलण्यातून आलेला आहे. व्यवहारात ते समानार्थी मानले जातात. परंतु प्रत्येकात व्यथेच्या कारणाविषयीचे एक गृहीतक दडलेले आहे, आणि रोगी कोणता उपाय योजतो हे पुष्कळदा त्या गृहीतकावरूनच ठरते. त्यामुळे हा प्रश्न केवळ कोशकाराचा राहत नाही.

‘पित्त’ या शब्दाचा अर्थ त्याच्या सोबतच्या क्रियापदावर अवलंबून असतो. पित्त ‘होते’ तेव्हा छातीत जळजळते व मळमळते; ‘उठते’ तेव्हा अंगावर गांधी येतात; ‘पडते’ तेव्हा वांतीतून कडू पिवळा द्रव बाहेर येतो; आणि ‘खवळते’ तेव्हा माणूस संतापतो. शारीरविज्ञानाच्या दृष्टीने यांतील पहिल्या तीन अवस्था भिन्न आहेत. पण नाम एक असल्यामुळे उपायही एक झाला. आमसुलाचे पाणी गांधींवर चोळले जाते आणि जळजळीवर प्यायलेही जाते. जुन्या वैद्यकग्रंथांचे वर्णन याहून काटेकोर आहे. चरकसंहितेत ‘अम्लपित्ता’ला स्वतंत्र अध्याय नाही, काश्यपसंहितेत व माधवनिदानात मात्र त्याचे पृथक् विवेचन आढळते. माधवनिदानकाराने आंबट-कडू ढेकर आणि हृदय व कंठ यांचा दाह ही लक्षणे एकत्र नोंदवून ‘ऊर्ध्वग’ म्हणजे वर जाणारे अम्लपित्त निराळे काढले आहे. लोकव्यवहारात ‘पित्त’ उरले. ‘ऊर्ध्वग’ हे महत्त्वाचे विशेषण मात्र गळून पडले.

‘ॲसिडिटी’ हे मूळ इंग्रजीत भाववाचक नाम, म्हणजे आम्लता. मराठीत ते रोगाचे नाव बनले, आणि ‘आम्ल फार झाले’ असा अर्थ त्याला चिकटला. वस्तुतः जठरात आम्ल असणे हा विकार नव्हे. जठररसातील आम्ल हायड्रोक्लोरिक असल्याचे विल्यम प्राउट यांनी १८२४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले, आणि पचनास ते आवश्यक आहे. जठराचे आतील आवरण ते सोसते. अन्ननलिकेचे आवरण सोसू शकत नाही. जळजळ होणाऱ्या पुष्कळ रोग्यांत आम्लाचे प्रमाण सामान्यच असते. चुकलेले असते ते स्थान.

हे स्थानांतर नेमके सांगणारा प्रयोग ‘घशाशी येणे’ हाच होय. त्यात द्रव्याचे नाव नाही, प्रमाणाचा उल्लेख नाही; केवळ गती व दिशा आहे. अन्ननलिका जठराला मिळते तेथे स्नायूंचे एक वलय असून ते एरवी आवळलेले राहते. फाइक, कोड व श्लेगेल या संशोधकांनी १९५६ मध्ये निरोगी माणसांत या भागातील दाब मोजून त्याचे अस्तित्व स्पष्ट केले. हे वलय अवेळी सैल पडले, अथवा पोटातील दाब त्याच्या शक्तीपलीकडे गेला, म्हणजे जठरातील द्रव वर चढतो.

कारण गतीचे असल्यामुळे नैसर्गिक उपायही गती रोखणारेच हवेत. जेवण थोडे घ्यावे. भरलेले जठर ताणले की वलय सैल पडू लागते. तेलकट, तुपकट अन्न जठरात दीर्घकाळ राहते. रात्रीचे जेवण व निद्रा यांत तीन तासांचे अंतर असावे. रात्री त्रास होत असल्यास पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली ठोकळे घालून ती बाजू सहा ते आठ इंच उंच करावी. नुसत्या उशा वाढविल्याने मान वाकते आणि पोट दुमडले जाते. कमरेची नाडी वा पट्टा सैल ठेवावा. वाढलेले वजन उतरविणे व तंबाखू सोडणे हे उपाय मंदगती असले तरी मूलगामी आहेत.

या संदर्भात मराठीतील दोन शब्द लक्षणीय ठरतात. ‘शतपावली’ जेवणानंतर शरीर उभे ठेवते. ‘वामकुक्षी’चा मूळ अर्थ डावी कूस, आज तो शब्द दुपारच्या कोणत्याही झोपेला लागतो आणि ‘वाम’ हा अंश विस्मृतीत गेला आहे. डाव्या कुशीवर जठराचा फुगीर भाग अन्ननलिकेच्या मुखाखाली राहतो, म्हणून द्रव सहज वर येत नाही. उजव्या कुशीवर नेमके उलट घडते. तथापि जेवल्याबरोबर आडवे होणे डाव्या कुशीवरही इष्ट नव्हे.

तात्कालिक उपशमासाठी घोटघोट पाणी पिणे अथवा काही चघळून लाळ वाढविणे उपयोगी पडते, कारण लाळ आम्ल धुऊन काढते व सौम्य करते. दुधाने क्षणिक बरे वाटते, पण पुढे ते जठराला आम्लस्रावास उद्युक्त करते. खाण्याच्या सोड्याने आम्ल मरते, मात्र वायू निर्माण होऊन पोट फुगते. शिवाय त्यातील सोडियम रक्तदाबाच्या रोग्यास अहितकारक असते.

नावांचा सर्वांत गंभीर परिणाम मात्र अन्यत्र आहे. संस्कृत वैद्यकाने हा दाह हृदयाशी जोडला. ग्रीक ‘कार्दिया’ शब्द हृदय व जठराचे मुख या दोहोंना लागे. इंग्रजी ‘हार्टबर्न’मध्येही हृदयच आहे. हा गोंधळ केवळ भाषेचा नव्हे : दोन्ही अवयवांच्या वेदना जवळपासच्या मज्जातंतूंनी मेंदूकडे जात असल्यामुळे शरीरालाच त्या वेगळ्या ओळखणे कठीण जाते. म्हणून छातीत दडपण, दरदरून घाम, धाप, हात वा जबड्याकडे जाणारी कळ, किंवा चालताना वाढणारी व थांबल्यावर ओसरणारी जळजळ यांना ‘पित्त’ म्हणून सोडा घेत बसणे प्राणघातक ठरू शकते. तेथे तत्काळ रुग्णालय गाठावे. गिळताना अडणे, काळा शौच, अकारण घटणारे वजन, किंवा पथ्य सांभाळूनही आठवडेच्या आठवडे टिकणारी जळजळ हीदेखील वैद्याकडे जाण्याचीच लक्षणे होत. ‘पित्त आहे’ एवढ्या वाक्याने निदान पूर्ण होत नाही. काय, कोठून, केव्हा व कशाने वर येते, हे विचारल्यावरच ते सुरू होते.