जुन्या घराला नवी खोली जोडताना



मागच्या अंकात घरदुरुस्ती निधीचा हिशेब छापला, तेव्हा काही सभासदांनी विचारले की, एका खोलीच्या खर्चातला इतका मोठा भाग पाया आणि जोत्यातच कसा गेला? प्रश्न रास्त आहे. भेटीला आलेल्याला भिंत दिसते, रंग दिसतो. जमिनीखालचे दिसत नाही. म्हणून या वेळी जव्हार-मोखाडा भागातल्या पाड्यांवर जुन्या घराला खोली जोडताना काय अडचणी येतात आणि त्यातून वाट कशी काढावी लागते, ते लिहिते.

इथल्या वारली, कोकणा, कातकरी कुटुंबांची जुनी घरे कारवीच्या कुडाची आहेत. लाकडी मेढी रोवायच्या, त्यांच्यामध्ये कारवीच्या काठ्यांचा कूड उभा करायचा, दोन्ही अंगांनी माती-शेण लिंपायचे, वर कौले. मुलाचे लग्न ठरले की जागा कमी पडते. सरकारी घरकुल मिळालेल्यांचीही तीच गत, कारण ते घर साधारण २६९ चौरस फुटांचे. त्यात म्हातारी माणसे, लेकरे, भाताची कणगी आणि चूल. अनुदान घर बांधायला मिळते, पुढे ते वाढवायला नाही. मग कुटुंब आमच्याकडे येते आणि म्हणते, "ताई, कूड पाडून टाका, सगळे विटांचे करा."

कूड शक्यतो पाडू नये, असा माझा आग्रह असतो. कौलांच्या फटींतून चुलीचा धूर निघून जातो आणि मातीची भिंत उन्हाळ्यात गार राहते. पत्र्याच्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी तासभर बसून पाहावे, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. शिवाय काम रखडले तर डोक्यावर छप्पर राहते. दोन वर्षांपूर्वी एका पाड्यावर गवंडी उचल घेऊन निघून गेला. भिंती जेमतेम खिडकीपर्यंत आलेल्या आणि मृग तोंडावर! जुने घर उभे होते म्हणून त्या कुटुंबाचा पावसाळा निभावला.

पण जुने ठेवले की सांधा आला, आणि घर बिघडते ते बहुतेक वेळा सांध्यातच. जुने घर वीस-पंचवीस वर्षांत जमिनीत बसून स्थिर झालेले असते. नवी भिंत पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत थोडी तरी बसते. दोन्ही एकमेकांना घट्ट बांधलेली असली तर नवे खाली जाताना जुन्याला ओढते आणि कोपऱ्यात तडा जातो. तो सिमेंटने बुजवला तरी पुढच्या वर्षी पुन्हा उघडतो. म्हणून विटांची भिंत कुडाला टेकवायची नाही. मध्ये सुमारे एक इंच जागा सोडायची आणि नव्या खोलीच्या चारही भिंती स्वतःच्या पायावर उभ्या करायच्या. फटीवर पत्र्याची पट्टी येते. ती एकाच बाजूला ठोकायची, म्हणजे दुसरी बाजू हलायला मोकळी राहते. डहाणू-तलासरी पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के बसू लागले. अशा जागी ही फट आणखी गरजेची, कारण धक्क्यात कूड लवतो, वीट लवत नाही.

आता पायाकडे येते. खडकावर बांधलेल्या घराचा दाखला आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. आमच्याकडे अडचण अशी की खडक सगळीकडे सारखा लागत नाही. एकाच खोलीच्या एका कोपऱ्यात दोन फुटांवर कातळ लागतो आणि समोरच्या कोपऱ्यात चार फूट खणले तरी मातीच निघते. भिंत अर्धी कातळावर आणि अर्धी मऊ मातीवर राहिली तर मधोमध चिरते. त्यामुळे घट्ट मुरूम लागेपर्यंत खणावे लागते आणि वर चारही भिंतींखालून सळयांचा प्लिंथ बीम फिरवावा लागतो. जुन्या घराच्या बाजूचा चर तर एका दिवसात सबंध उघडायचाच नाही. तीन-चार फुटांचा तुकडा खणायचा, भरून काढायचा, मग पुढचा. घाई केली तर जुन्या जोत्याखालची माती सरकते आणि मेढी कलतात. यात दिवस जातात, मजुरी वाढते. हिशेबात जी रक्कम डोळ्यांत भरली, ती इथली आहे.

जोत्याची उंची हा भांडणाचा विषय. पाणी शिरू नये म्हणून नवी खोली फूट-दीड फूट उंच घ्यावी असे सगळ्यांना वाटते, आणि ते बरोबर आहे. पण मग जुनी खोली खड्ड्यात जाते. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या भागात पागोळ्यांचे पाणी नव्या जोत्याला अडून कुडाच्या बुडाशी साचते. आधी ओल, मागून वाळवी. म्हणून जोत्यातली मुरुमाची भर कुडाला लागू द्यायची नाही. तिच्यासाठी दगडी बांधणी वेगळी. सांध्याच्या दोन्ही टोकांना दगडी गटार काढून पाणी उताराकडे न्यायचे. भरही एकदम ओतायची नाही. सहा इंचांचा थर, त्यावर पाणी, मग धुम्मस. हे टाळले की दुसऱ्या वर्षी जमीन खचते आणि दोष सिमेंटला जातो.

छपराबाबत एवढेच सांगते: घर वाढवायचे तर आढ्याच्या रेषेत, लांबीत वाढवावे. बाजूला वाढवले तर दोन पाख्यांच्या मध्ये खोच तयार होते आणि सारा पाऊस तिथे गोळा होतो. जागाच नसेल तर नवा पत्रा जुन्या कौलांच्या वळचणीखाली चांगला नऊ इंच आत घ्यावा. पत्र्याखाली चूल असेल तर वर झरोका हवाच.

सगळ्यांत अवघड गोष्ट मात्र विटा-सिमेंटची नाही, पाण्याची आहे. इतका पाऊस पडणाऱ्या या डोंगरात मार्चनंतर कितीतरी पाड्यांच्या विहिरी आटतात. सिमेंटचे काम किमान सात दिवस, आणि राखमिश्रित पीपीसी सिमेंट असेल तर दहा दिवस, सतत ओले ठेवावे लागते. वीटही आधी पाण्यात भिजवावी लागते, नाहीतर ती सिमेंट-रेतीच्या मालातले पाणी शोषून घेते आणि सांधे भुसभुशीत राहतात. एप्रिल-मे मध्ये बांधकाम काढले तर हे सारे पाणी घरातल्या बायका डोक्यावरून आणतात. पिण्याच्या दोन हंड्यांसाठी तासभर रांगेत उभी राहिलेली बाई भिंतीवर हंडा ओतेल, असे गृहीत धरणेच मला चुकीचे वाटते. ती ओतत नाही. भिंत कच्ची राहते, आणि मग लोक म्हणतात, आदिवासींना पक्के घर सांभाळता येत नाही.

यावर उपाय म्हणजे भातकापणी उरकल्यापासून जानेवारीपर्यंत, विहिरीला पाणी असताना, काम पुरे करणे. पण नेमकी याच वेळी माणसे घरी नसतात. दिवाळी झाली की कितीतरी कुटुंबे भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, कारण पावसाळ्यातल्या आजारपणाला किंवा लग्नाला उचल घेतलेली असते. ती परततात पावसाच्या तोंडावर. वर्षभर दुसऱ्यांसाठी विटा पाडणाऱ्यांच्या स्वतःच्या भिंतीला हात लावायला मोसम उरत नाही. म्हणून आम्ही निधीतून त्या घरच्याच दोन माणसांना बिगाऱ्याची रोजची मजुरी देतो. भट्टीची उचल न घेता ती घरी राहतात आणि भिंतीला पाणी मारणे त्यांच्याकडे येते. भिंतीवर ओले गोणपाट टाकले की पाणीही कमी लागते. घरांसाठीचे आवाहन आम्ही नाताळच्या अंकात न करता त्याआधीच्या अंकात करतो, ते यामुळेच. मे महिन्यात आलेली देणगी आम्ही आनंदाने घेतो, पण तिचे काम नोव्हेंबरात निघते.

कुदळ मारण्यापूर्वी आणखी एक पाहावे लागते: वाढीव दहा फूट जागा कोणाची? काही पाडे वनजमिनीवर, काही खासगी मालकाच्या जमिनीवर आहेत. वनहक्क कायदा २००६ चा असला, तरी दाव्यात मंजूर झालेले क्षेत्र आणि प्रत्यक्ष अंगण यांत फरक निघू शकतो. उतारा, दाव्याचे कागद आणि शेजाऱ्याची संमती पाहिल्याशिवाय आम्ही दोरी लावत नाही. यात एखादा मोसम वाया गेला तरी चालेल. बांधलेली भिंत पाडावी लागणे त्या कुटुंबाला परवडणारे नाही.

या वर्षी हाती घेतलेल्या खोल्यांचे आतले प्लास्टर आणि रंग मुद्दाम थांबवले आहेत. एक पावसाळा भिंत बसू द्यायची, तडा दिसतो का ते पाहायचे, आणि दिवाळीनंतर पुढचे काम. पावसाच्या अंगाला पेंढ्याच्या ताट्या बांधल्या आहेत. तोवर आपल्यापैकी कोणी भेटीला आले तर उघड्या विटा दिसतील.