मूत्रपिंड धमन्यांची एमआर अँजिओग्राफी

मूत्रपिंडांना रक्त पुरवणाऱ्या धमन्या अरुंद झाल्या आहेत काय, हे चुंबकीय अनुनादाच्या साहाय्याने पाहण्याच्या तपासणीस मूत्रपिंड धमन्यांची एमआर अँजिओग्राफी असे म्हणतात. धमनी अरुंद झाली की मूत्रपिंडास रक्त कमी पोहोचते, त्यातून रेनिन अधिक स्रवते आणि सर्व शरीराचा रक्तदाब वाढतो.

कारणे

उतारवयात धमनीच्या आतील मेदाचा थर हे प्रमुख कारण असते. भारतात मात्र तरुण वयात, विशेषतः स्त्रियांमध्ये, ताकायासू धमनीदाह हे महत्त्वाचे कारण आहे. यात महाधमनी व तिच्या शाखांच्या भिंती सुजून जाड होतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील शल्यविशारद प्रफुल्लकुमार सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकाराचा विस्तृत अभ्यास केला. १०१ रुग्णांवर आधारलेला त्यांचा ग्रंथ १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळी धमनीत नळी घालून क्ष-किरण चित्रे घेतली जात. त्यांत रक्तवाहिनीची पोकळी दिसे, भिंत दिसत नसे. एमआर तपासणीत भिंतीची जाडीही दिसते. शिवाय क्ष-किरणांचा मारा नसल्याने तरुण रुग्णांची तपासणी पुन्हापुन्हा करता येते.

पद्धत

शिरेतून गॅडोलिनियमयुक्त द्रव्य देतात. ते धमन्यांतून वाहत असताना रुग्णाने काही सेकंद श्वास रोखावयाचा असतो. श्वास हलला की चित्र पुसट होते.

मर्यादा

या चित्रांत अरुंदता प्रत्यक्षाहून अधिक भासू शकते. धातूच्या स्टेंटमधील भाग नीट दिसत नाही आणि बारीक शाखांतील दोष निसटतात. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, नेदरलँड्समधील ३५६ रुग्णांच्या अभ्यासात नळीद्वारे केलेल्या अँजिओग्राफीशी तुलना करता या तपासणीची संवेदनशीलता केवळ ६२ टक्के आढळली. म्हणजे दर शंभर बाधित रुग्णांपैकी ३८ जणांचा दोष हुकला. याआधीच्या अभ्यासांतील आकडे बरेच आशादायक होते. म्हणून लक्षणे बोलकी असताना केवळ निर्दोष अहवालावर विसंबणे योग्य नव्हे.

दुसरी अडचण विचित्र आहे. जिच्यासाठी तपासणी करावयाची, त्या मूत्रपिंडाचेच कार्य फार मंदावले असेल तर गॅडोलिनियम शरीराबाहेर लवकर जात नाही. त्वचा व इतर ऊती ताठर करणाऱ्या एका गंभीर विकाराशी त्याचा संबंध २००६ मध्ये लक्षात आला. तेव्हापासून गाळणक्षमता मिनिटाला ३० मिलिलिटरच्या खाली असल्यास जुनी, कमी स्थिर द्रव्ये टाळतात. अशा वेळी सुरक्षित मानलेले नवे द्रव्य वापरतात, द्रव्याविना एमआर पद्धती अवलंबतात किंवा डॉपलर सोनोग्राफी करतात.