घरचे शिवणकाम : काल आणि आज

शेतकऱ्याच्या घरी पूर्वी शिवण म्हणजे केवळ सुईदोरा असे. नऊवारी लुगड्यास परकराची गरज नसे. चोळी लागे, ती बहुधा गुळेदगुड्डच्या खणाची व पुढे गाठ मारावयाची. खण चोळीच्या बेतानेच विणलेला असल्यामुळे त्यात एक चोळी बरोबर निघे व चिंधी फारशी वाया जात नसे. बाळाचे झबले, टोपडे, कुंची व दुपटे घरीच होत. पुरुषाची बंडी किंवा सदरा गावचा शिंपी शिवून देई, आणि काही गावी त्याची शिलाई सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने पोहोचे. जुन्या लुगड्यांची वाकळ उन्हाळ्याच्या दुपारी शिवली जाई.

या घरात शिवणयंत्र पुष्कळ उशिरा आले. आयझॅक सिंगर यांना त्यांच्या यंत्राचे पेटंट १८५१ साली मिळाले होते. यंत्रांवर कठोर टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली शिवणयंत्राचा अपवाद केला, कारण ते माणसाचे कष्ट हलके करणारे आहे असे त्यांचे मत होते. १९३०च्या दशकात कलकत्त्यास ‘उषा’ यंत्र तयार होऊ लागले व स्वदेशी यंत्र हाती आले. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला. त्यानंतर ग्रामसेविका व महिला मंडळे गावोगावी उभी राहिली आणि शिवणवर्ग हा मंडळाच्या कामाचा नेहमीचा भाग झाला.

यंत्र आले म्हणून शिवणकाम वाढले असे समजले जाते, परंतु ते अर्धेच खरे आहे. खरे कारण पेहराव बदलला हे होय. नऊवारी जाऊन सहावारी आली, तिच्याबरोबर परकर आला आणि गाठीच्या चोळीऐवजी हुकांचा, अंगाबरोबर बसणारा ब्लाउज आला. मुली परकर-पोलक्यातून फ्रॉकमध्ये व पुढे पंजाबी ड्रेसमध्ये आल्या. जे घर वर्षाकाठी दोन-तीन चोळ्या शिवीत होते, त्यास आता माप घेऊन बेतलेले अनेक कपडे लागू लागले. सुईदोऱ्याने हे काम उरकणारे नव्हते.

त्यानंतरच्या बदलाने मात्र वारे उलट फिरले. टेरिलीन व तत्सम कृत्रिम धाग्यांचे कापड आले. ते लवकर फाटत नाही, त्यास इस्त्री कमी लागते व धुतल्यावर ते झटकन वाळते. मागाच्या गावांतून स्वस्त कापड व कारखान्यांतून तयार कपडे आठवड्याच्या बाजारात येऊन पडू लागले. आज सदरा, विजार, फ्रॉक व गाऊन हे सारे तयारच मिळते आणि पुष्कळदा कापड अधिक शिलाई या खर्चाहून स्वस्त पडते. कापूस पिकविणाऱ्या विदर्भातील घरातही लेकराच्या अंगावर पॉलिएस्टरचा फ्रॉक दिसतो. ते पाहून वाईट वाटते, पण त्याचा दोष त्या घरास देता येत नाही.

तयार कपड्यात एक गोष्ट नसते, ती म्हणजे माया. शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड सोडतात त्यास आपल्या भाषेत माया म्हणतात. घरच्या शिवणात मुलाच्या कपड्यास बाजूला इंचभर माया व खाली रुंद दुमड ठेवीत, फ्रॉकच्या घेराला आडव्या टका घालीत. मूल वाढले की टक उसवावी, दुमड सोडावी, आणि तोच कपडा आणखी एक-दोन वर्षे चालावा. कारखान्यात कापडाचा इंच न इंच मोजलेला असतो. तेथे ओव्हरलॉकची बारीक शिवण मारतात, तीत उसवावयास काही शिल्लक नसते. म्हणून शंभर रुपयांचा तयार फ्रॉक खरोखर स्वस्त की महाग, हे तो किती महिने अंगास येतो यावर ठरवावे.

आता ज्या भगिनी यंत्र घेऊ इच्छितात त्यांच्याविषयी. शिवणवर्गात प्रमाणपत्र मिळालेल्या आणि घरी यंत्रावर चादर झाकून ठेवलेल्या पुष्कळ जणी आम्ही पाहिल्या आहेत. त्यांच्या हातात कला नव्हती असे नाही. वर्गात झबले, लेंगा, सदरा हे क्रमाने शिकविले जाते, आणि बाजार नेमके हेच कपडे तयार देतो. गावात गिऱ्हाईक येते ते ब्लाउज, साडीचा फॉल व पिको, आणि तयार कपडा आत घेणे किंवा लांबी कमी करणे, या कामांसाठी. प्रत्येकीचे खांदे, छाती व गळा निराळे असल्यामुळे ब्लाउजास अजून मापच लागते. सबब वर्ग घेणाऱ्या कार्यकर्तीने अस्तराचा ब्लाउज व कटोरी बेतणे हे प्रथम व पुरेसे शिकवावे. मोबाइलवरील चित्रफितींतून तरुण मुली गळ्यांचे नवे नमुने व आरीचे भरतकाम आपण होऊन शिकतात, परंतु अंगावरून माप घेणे त्यांना समोर बसूनच शिकवावे लागते.

हंगामाचाही विचार करावा. लग्नसराई उन्हाळ्यात असते, तेव्हा कोरडवाहू शेतात काम थोडे असते व ब्लाउजांची शिलाई घरखर्चास बरी पडते. दिवाळीची गर्दी मात्र सोयाबीनच्या काढणीत व कापसाच्या वेचणीत येते, आणि गणवेशाचे काम नेमके पेरणीच्या जून महिन्यात. ज्या घरात दुसरे हात नाहीत, तेथे ही दोन कामे अंगावर घेण्यापूर्वी दहादा विचार व्हावा.

गणवेशाचा अनुभव बचत गटांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षी राज्यात एकसारख्या गणवेशासाठी मध्यवर्ती खरेदीचे कापड घेऊन महिला बचत गटांकडून शिलाई करून घेण्याचे ठरले. अनेक ठिकाणी गणवेश उशिरा पोहोचले, मापे जुळली नाहीत आणि शिलाईचा दर परवडत नाही अशी तक्रार झाली. पुढील वर्षापासून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपविण्याचा निर्णय झाला. आता शिक्षक व पालक गावातच बसून ठरवितात, म्हणून गटाने आपल्या शाळेत जाऊन मुलांची मापे स्वतः घेण्याची तयारी दाखवावी. दर सांगण्यापूर्वी एक गणवेश घड्याळ लावून पूर्ण शिवून पाहावा. दोरा, बटणे, वीज व काज करण्याचा वेळ धरून तासाला काय पडते ते काढावे. ते शेतमजुरीहून फार कमी पडत असेल तर काम नाकारण्यात कमीपणा नाही.

यंत्रासाठी साहाय्य हवे असल्यास १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम हा एक व्यवसाय आहे. तीत प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य व पहिल्या टप्प्यात १ लाख रुपयांपर्यंत कर्ज अशी तरतूद करण्यात आली. अर्जापूर्वी सध्याचे नियम ग्रामपंचायतीत विचारावेत. कर्ज मात्र गिऱ्हाईक पाहून घ्यावे. नवशिकीस पायाचे साधे यंत्रच बरे, त्यास पुढे मोटर बसविता येते. १०० वॉटची मोटर दहा तास चालली तर एक युनिट वीज जाते, म्हणजे बिलाचे भय नाही. वीज गेली की पायटा आहेच.

काही बारकावे सांगणे अवश्य आहे. सुती कापड बेतण्यापूर्वी रात्रभर भिजवून वाळवावे. त्यातील खळ निघते व कापड आटावयाचे ते आधीच आटते. जाड सुती कापडास १६ नंबरची व पातळ कापडास ११ नंबरची सुई लावावी. लेगिंगसारख्या ताणल्या जाणाऱ्या कापडावर साधी टीप तुटते, त्यास गोल टोकाची सुई व नागमोडी टीप लागते. शिवणाच्या जुन्या पुस्तकांत कापड वारात दिलेले असते. वार सुमारे ९१ सेंटिमीटरचा, म्हणून तीन वार लिहिले असेल तेथे पावणेतीन मीटर घ्यावे. शिंप्यांचा टेप अजूनही इंचाचाच चालतो, त्याने गोंधळू नये.

यंत्रास खोबरेल वा गोडे तेल कदापि घालू नये. ते वाळून चिकट होते व चाक जड फिरते. शिवणयंत्राचेच पातळ तेल घालावे, नंतर चिंधीवर दहा-वीस टाके मारावेत म्हणजे जादा तेल चिंधीत उतरते. पावसाळ्यात यंत्र भिंतीपासून दूर ठेवावे आणि बॉबिनच्या पेटीत साचलेले तंतू आठवड्यास एकदा ब्रशाने काढावेत.