कापसाच्या खोलीतलं गाणं

वडनेरात गाणं नीट ध्वनिमुद्रित करायचं तर रात्रीचे दोन वाजलेले हवेत आणि घरात न विकलेला कापूस हवा. गावाला लागून नागपूर-हैदराबाद महामार्ग आहे. ट्रकांची ये-जा कधीच थांबत नाही, दोन ते चारच्या दरम्यान जरा विरळ होते एवढंच. त्यातही दक्षिणेकडच्या ट्रकांचे हॉर्न सुरेल असतात, आणि त्रास त्याचाच जास्त. साधा भोंगा ऐकू येतो, तो कापून टाकता येतो. सुरातला हॉर्न गाण्यात असा मुरून बसतो की तीन दिवसांनी लक्षात येतं, ही सनई आपण वाजवलेलीच नाही.

कापसाचं म्हणाल तर, भाव चढेल या आशेवर तो घरात भरून ठेवणं आमच्या हिंगणघाट तालुक्यात नवं नाही. डिसेंबर-जानेवारीत मागची खोली आढ्यापासून हातभर खालपर्यंत भरलेली असते. सगळ्या घराला खाज सुटते, उंदीर होतात, कापूस वाळून वजनात तूट येते ती वेगळीच. पण त्या खोलीत टाळी वाजवून पाहा. टाळी हाताजवळच विझते. मुंबईच्या स्टुडिओत भिंतींना महागडे पट्टे लावून जी शांतता आणतात, ती आम्हाला पडलेल्या बाजारभावाने फुकट दिलेली. तूस माइकच्या जाळीत जातं म्हणून जाळीवर ओढणी बांधायची.

तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत याच खोलीत पुतणीच्या आवाजात एक गाणं बांधलं. शब्द माझे, चाल हिंगणघाटच्या एका शिक्षक मित्राची, ढोलकी गावातल्याच एका पोराची. माहेरी आलेली लेक परत निघाली आहे, एवढाच विषय. पुढे एका वेबमालिकेच्या एका भागात ते ३४ सेकंद वाजलं. लोक त्या ३४ सेकंदांबद्दल विचारतात. माझ्याकडे सांगण्यासारखं आहे ते मधल्या सव्वातीन वर्षांचं, आणि त्यातलं बरंचसं वहीत आहे.

मालिकेत, चित्रपटात किंवा जाहिरातीत गाणं वापरायला जी परवानगी लागते तिला या धंद्यात ‘सिंक’ म्हणतात, चित्राशी जुळवून वाजवण्याचा परवाना. तो मागायला गेलं की पहिल्यांदा कळतं की आपलं एक गाणं ही एक वस्तू नाहीच. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची आणि झालेलं ध्वनिमुद्रण ही तिसरीच मालमत्ता. तिन्हींचे मालक वेगळे असू शकतात. घेणाऱ्याला या भानगडीत रस नसतो, त्याला एका माणसाने एका ई-मेलमध्ये ‘तिन्हींसाठी मी सही करू शकतो’ असं लिहून द्यायला हवं असतं. सातबाऱ्यावर जितकी नावं तितक्या सह्या, हे जमिनीच्या बाबतीत आपल्याला पाठ असतं. गाण्याच्या बाबतीत मात्र आपण चहा पिऊन, पाठीवर थाप मारून उठतो.

आम्हीही तसेच उठलो होतो. पहिल्या वर्षी एका लघुपटवाल्यांना गाणं आवडलं. त्यांनी विचारलं, वादकाची संमती लेखी आहे का? ढोलकीवाला तोवर पुण्याला कामाला गेला होता आणि नंबर बदलून बसला होता. त्याच्या मामाकडून, मामाच्या साडूकडून असा नंबर काढेपर्यंत अकरा दिवस गेले. लघुपटाला आठ दिवसांत गाणं हवं होतं. चूक सरळ माझी होती. त्यानंतर मी प्रत्येक गाण्याचं वाटणीपत्र करतो, ध्वनिमुद्रण संपल्यावर लगेच, माइक गुंडाळायच्या आधी. शब्द किती टक्के, चाल किती टक्के, ध्वनिमुद्रण कोणाचं, गायिकेला आणि वादकाला काय दिलं, सह्या, तारीख. टक्क्यांची बेरीज शंभर आलीच पाहिजे. हसू नका, एकदा माझी एकशेदहा आली होती.

ही कागदाची हौस एका गीतकाराला कशाला, असं काकाजींनी मला विचारलं होतं. काकाजी गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेत खंजिरी धरतात. त्यांचं म्हणणं, तुकडोजी महाराजांनी कुठं वाटणीपत्र केलं होतं? मी म्हटलं, महाराज १९६८ साली गेले, आणि आपल्या कायद्यात कवीचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेल्या भजनांवर २०२८ संपेपर्यंत हक्क आहेच, कोणी मागो न मागो. काकाजींनी खंजिरीकडे असं पाहिलं की जणू ती जप्त होणार आहे.

कागदाचं महत्त्व मला शिकवलं ते मात्र जुन्या भांडणांनी. गीतकार-संगीतकारांची संस्था, आयपीआरएस, १९६९ साली निघाली. १९७७ साली तिचंच प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि निकाल लागला तो निर्मात्यांच्या बाजूने: चित्रपटासाठी पैसे घेऊन गाणं लिहिलं-बांधलं, वेगळा करार नाही, तर हक्क निर्मात्याचा. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी निकालाला एक टिपण जोडून गायकाच्या हक्काचा कायद्याने विचारच केलेला नाही, याकडे बोट दाखवलं. पण टिपणाने पोट भरत नाही. गीतकारांना पुढे पस्तीस वर्षं थांबावं लागलं. जावेद अख्तर राज्यसभेत गेले, त्यांनी हा विषय तिथे लावून धरला, आणि २०१२ साली कायदा बदलला. आता चित्रपटगृहातलं प्रदर्शन सोडून बाकी ठिकाणी गाणं वाजलं तर रॉयल्टीतला गीतकाराचा आणि संगीतकाराचा समान वाटा कोणी लिहून घेऊ शकत नाही. तो फक्त वारसाला किंवा अशा संस्थेला देता येतो. तरी रेडिओवाले म्हणत राहिले, आम्ही ध्वनिमुद्रणाचे पैसे कंपनीला देतो, शब्द-चालीचे वेगळे कशाला? त्यावर मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सांगितलं की तेही द्यावे लागतील. कायदा २०१२ चा, निकाल २०२३ चा. माझी सव्वातीन वर्षं या हिशेबात कुठे बसतात ते तुम्हीच पाहा.

त्याच कायद्यात एक कलम असंही आहे की लग्नाच्या वरातीत आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभात गाणं वाजवलं तर हक्कभंग होत नाही. मागच्या उन्हाळ्यात गावातल्या एका वरातीत बँडवाल्यांनी माझंच गाणं वाजवलं. शेजारचा नाचता नाचता थांबून म्हणाला, ‘‘मजा हाय ना भाऊ तुमची, पैसेच पैसे!’’ त्याला कलम सांगत बसलो नाही. लेक निघाल्याचं रडकं गाणं, त्यावर लोक नाचत होते, आणि मला वाईट वाटायच्या ऐवजी बँडवाल्याने घेतलेली लय आवडून गेली. आमच्यापेक्षा बरी होती.

आता वही. चार रकाने: तारीख, कोणाला, काय पाठवलं, उत्तर. पहिल्या पानावर मी काय काय केलं ते वाचताना अजून कान गरम होतात. एकाच माणसाला एका रात्रीत नऊ गाणी व्हॉट्सअॅपवर पाठवली. व्हॉट्सअॅपवर आवाज दाबला जातो, ढोलकीचा घुमारा पत्र्यासारखा येतो. फाइलचं नाव होतं ‘फायनल नवीन २’. त्या माणसाने ती उघडली असेल तर तो संतच म्हणायचा. हळूहळू कळलं की पलीकडे संगीत निवडणारा माणूस संध्याकाळपर्यंत दीडशे गाणी ऐकतो आणि त्याला सांगण्यात आलेलं असतं ते इतकंच: ग्रामीण घर, पहाट, बाईचा आवाज, कमी वाद्यं, अर्धा मिनिट. त्याला एक गाणं पाठवायचं, तेच, तसंच. फाइल न दाबलेली, चित्रपटाच्या मापाची, म्हणजे ४८ किलोहर्ट्झ. सोबत आवाजाशिवायची प्रत, कारण संवादाखाली शब्द नको असतात. फाइलच्या नावात गाण्याचं नाव, गीतकार, फोन. फाइलच्या पोटातही तेच लिहून ठेवायचं, कारण नाव कोणीतरी बदलतंच. ध्वनिमुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा एक क्रमांक असतो, आयएसआरसी. रचनेला वेगळा, आयएसडब्ल्यूसी. पहिल्यावरून वाजलेलं ध्वनिमुद्रण ओळखायचं, दुसऱ्यावरून शब्द आणि चाल कोणाची ते. आमच्या गाण्याचा एक होता, दुसरा यायला वेळ लागला.

वहीतल्या त्रेसष्ट नोंदींपैकी चाळीसच्या वर ठिकाणी उत्तराचा रकाना कोरा आहे. सुरुवातीला मी कोऱ्या रकान्याला नकार समजायचो आणि रागाने त्या माणसाला सोडून द्यायचो. पुढे ध्यानात आलं, तो नकार नसतो, तिथे त्या दिवशी काम नसतं. सहा आठवड्यांनी दोन ओळी पुन्हा लिहायच्या, तक्रार न करता, शक्यतो नवीन काहीतरी सोबत देऊन. तिसऱ्यांदा लिहून उत्तर नाही आलं तर वर्षभर त्या दारी जायचं नाही. घरची रोज संध्याकाळी विचारायची, ‘‘काऊन जी, आलं का काही?’’ मी नाही म्हणायचो. ‘‘मग कापूस तरी इका!’’ म्हणायची. एका वर्षी तिचं ऐकलं असतं तर क्विंटलमागे बरे पैसे सुटले असते, हे तिच्या लक्षात आहे आणि ती ते विसरू देत नाही.

एक होकार मी स्वतः परत केला. एका कंपनीचा करारनामा आला: जगभर, कायमस्वरूपी, आज असलेल्या आणि पुढे निघणाऱ्या सर्व माध्यमांसाठी, शब्द-चाल-ध्वनिमुद्रण सगळं त्यांच्या नावे, एकरकमी. रक्कम वाईट नव्हती. त्या आठवड्यात खताचे पैसे द्यायचे होते. कायदा सांगतो की करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, आणि प्रांत लिहिला नसेल तर भारतापुरताच. पण ‘कायमस्वरूपी’ असं छापलेल्या शब्दापुढे ते कलम काही करू शकत नाही. मी उलट विचारलं, मालकी न देता पाच वर्षांचा परवाना चालेल का? उत्तराचा रकाना कोरा. खत उधारीवर आणलं.

दुसरा एक घास चालीने अडवला. धृपदाची चाल मित्राने भुलाबाईच्या एका गाण्यावरून उचललेली. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे पोरी घरोघरी म्हणतात ती. घेणाऱ्याने विचारलं, ही चाल मूळची कोणाची? मी म्हटलं, पारंपरिक. लेखी द्या, म्हणाला. पारंपरिक असल्याचा दाखला कोण देणार, ग्रामपंचायत? शेवटी मित्र आणि मी तीन म्हाताऱ्यांकडून ती चाल वेगवेगळी म्हणवून घेतली, तारखेसह ध्वनिमुद्रित केली, आणि कोणता भाग परंपरेचा व कोणता मित्राचा ते कागदावर मांडलं. एक म्हातारी ऐंशीच्या पुढची. म्हणाली, तुम्ही चुकीची म्हणता बापा, मधली ओळ खाली उतरते. बरोबर होती तिची. आमची बदललेली ओळ तेवढीच मित्राची ठरली. ते प्रकरणही पुढे बारगळलं, पण कागद राहिला.

तोच कागद यंदाच्या मे महिन्यात कामी आला. रात्री अकराला फोन: मालिकेचा भाग पक्का करायचा आहे, आधी घेतलेल्या गाण्याचे हक्क अडकले, तुमचं मोकळं आहे का? मी म्हटलं, एक तास द्या. वाटणीपत्र, संमती, चालीचा कागद, आवाजाशिवायची प्रत, सगळं पाऊण तासात गेलं. साडेबाराला उत्तर: हवं आहे, फक्त दुसऱ्या ओळीत गावाचं नाव येतं ते बदलून द्या, आमची गोष्ट तिकडची नाही.

पुतणी चंद्रपूरला दिलेली, पण मे होता, माहेरी आलेली होती. तिला उठवली. शब्द बदलून दिला. म्हणून पाहते तर आवाज विहिरीतून आल्यासारखा. कापूस फेब्रुवारीतच विकलेला. खोली रिकामी, भिंती नुसत्या परत बोलत होत्या. जुन्या ओळींच्या मधोमध ही एक ओळ वेगळ्या घरातली वाटली असती. मग बिछायतवाल्याचं दार वाजवलं. त्याने लग्नसराईतून परतलेल्या सव्वीस गाद्या रात्री दीडला ऑटोतून आणून टाकल्या. भिंतींना उभ्या केल्या, वर दोऱ्यांवर घरातल्या गोधड्या. घाम, डास, पंखा बंद. तिसऱ्या खेपेला एका ट्रकने सुरात हॉर्न दिला. पाचव्या खेपेला जमलं. चारला फाइल पाठवली.

परवाना पाच वर्षांचा, एका मालिकेपुरता, मालकी आमचीच. मानधन सांगत नाही. सोयाबीनच्या बियाण्याचं भागलं, त्याहून थोडं उरलं, आणि वाटणीपत्राप्रमाणे चौघांत गेलं. कोणतं गाणं किती सेकंद वाजलं त्याच्या तक्त्याला क्यू शीट म्हणतात, त्यात आमची ओळ आहे. पुढेमागे प्रक्षेपणाची रॉयल्टी यायची ती त्याच ओळीवरून.

भाग आला तेव्हा सगळे मोबाइलभोवती बसलो. स्वयंपाकघर, पहाट, पुतणीचा आवाज. बदललेला शब्द यायचा नेमका तेव्हा पडद्यावरच्या कुकरची शिट्टी झाली.

घरची म्हणाली, ‘‘याच्यासाठी आणल्या होत्या काय जी गाद्या?’’