आजींचा भात

नेरुळच्या एका वृद्धाश्रमात दुपारचा भात रात्रीसाठी ओट्यावरच झाकून ठेवलेला पाहिला नि काळजात चर्र झाले. आपण म्हणाल, फोडणी दिली की झाले! पण तांदळातल्या ‘बॅसिलस सेरियस’ जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. खाडीकाठच्या दमट उकाड्यात ते वाढतात, आणि त्यांचे उलट्या करविणारे विष फोडणीलाही दाद देत नाही. तरुणाला एखादी उलटी होईल. ऐंशीच्या आजींना सलाईन!

२००६ चा अन्नसुरक्षा कायदा नफा न घेणाऱ्या स्वयंपाकघरांनाही लागू आहे. भात परातीत पसरून लवकर निववावा, ५ अंशांखाली ठेवावा, एवढेच मावशींना सांगितले.

“फ्रिजात औषधं आहेत हो, ताई. जागा कुठाय?”

यंदा आमच्या चार बिऱ्हाडांनी फराळाऐवजी तिथे दुसरा फ्रिज पोहोचवला.