होड्यांच्या शर्यतीचा आरंभ

धावण्याच्या शर्यतीत पंच मुलांना रेघेवर उभे करतो, हात वर करतो आणि शिट्टी फुंकतो. शिडाच्या होडीला ही सोय नाही. वारा तिला ढकलीत असतो, पाणी ओढीत असते, आणि पाय रोवायला खाली जमीन नसते. म्हणून ही शर्यत चालत्या होड्यांनीच सुरू करावी लागते. पाण्यावर एक कल्पित रेघ धरायची, सुटण्याचा क्षण सर्वांना आधी कळवायचा आणि त्या क्षणापूर्वी जिचे नाक रेघेपलीकडे गेले तिला माघारी बोलवायचे, एवढेच हे काम. मुंबई बंदरात खलाश्यांच्या संघटनेच्या निमित्ताने माझे एका क्लबात जाणे-येणे असे. तेथे कोणीतरी माझ्या हातात घड्याळ दिले, आणि ‘एवढेच’ हा शब्द किती फसवा आहे ते मला कळले.

प्रथम रेघेविषयी. डिंगी म्हणजे दोन-चार मीटर लांबीची उघडी होडी. (हा शब्द इंग्रजांनी आपल्याच देशातून उचलला, हे क्लबातील पुष्कळांना ठाऊक नसते.) १९८२ च्या एशियाडमध्ये मुंबईच्याच पाण्यावर फारोख तारापोर आणि जरीर करंजिया यांनी ज्या एंटरप्राइज जातीच्या होडीत सुवर्णपदक मिळविले, ती चार मीटरांहून किंचित लांब असते. अशा वीस होड्या असतील तर त्यांची एकूण लांबी ऐंशी मीटर. तिची दीडपट, म्हणजे एकशेवीस मीटरांची रेघ पुरते. तिच्या एका टोकाला पंचांची नांगरलेली होडी. तिच्या नारिंगी पताकेची काठी हे ते टोक. दुसऱ्या टोकाला बोया.

पहिला पल्ला वाऱ्याच्या दिशेने असतो. शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही, ती नागमोडी वर चढते. ज्या होडीला वारा उजव्या अंगाने लागतो तिला वाट देण्याचे बंधन डाव्या अंगाने वारा घेणाऱ्या होडीवर असते. म्हणून जवळजवळ सगळे नावाडी उजव्या अंगाचा वारा घेऊनच सुटतात आणि रेघेच्या उजव्या टोकाला, म्हणजे पंचांच्या होडीपाशी, गर्दी करतात. रेघ वाऱ्याला अगदी काटकोनात ठेवली तर तेथे होड्या एकमेकींवर आदळू लागतात. यावर तोड अशी की, बोयाचे टोक पाचेक अंश वाऱ्याकडे सरकवायचे. दुपारचा खारा वारा ३१५ अंशांवरून, म्हणजे वायव्येकडून येत असेल, तर पंचांच्या होडीवरून बोया २२५ अंशांवर न दिसता २३० वर दिसला पाहिजे. मग डाव्या टोकाचेही थोडे आकर्षण वाटते आणि गर्दी पांगते. मात्र हा वारा शहरावरून बंदरात उतरतो, म्हणून तो क्षणाक्षणाला दिशा बदलतो. आणि उधाणाच्या दिवशी पाण्याच्या ओढीने नांगर घसरला की सारी रेघच वाकडी होते. बोया हलविणारा खलाशी जाणता असेल तर पंच जाणता ठरतो!

आता वेळ. सुटण्यापूर्वी पाच मिनिटे त्या वर्गाची पताका वर चढते आणि भोंगा वाजतो. चार मिनिटे उरली की पूर्वसूचनेची पताका चढते, बहुधा ‘पी’, म्हणजे निळ्यावर पांढरा चौकोन, पुन्हा भोंगा. यानंतर रेघेचा बोया हलवायचा नाही. एक मिनिट उरले की ‘पी’ उतरते, भोंगा लांब वाजतो. आणि शून्यावर वर्गाची पताका उतरते, भोंगा वाजतो, शर्यत सुरू. मध्येच वारा फिरला तर लाल-पांढऱ्या पट्ट्यांची पताका चढवून दोन भोंगे द्यावेत आणि सगळे पुढे ढकलावे. यात कमीपणा मानणारे पंच मी पाहिले आहेत. त्यांच्या शर्यती वाईट होत.

यात एक गोष्ट माझ्यासारख्याला चमत्कारिक वाटली. गिरणगावात भोंगा हाच शेवटचा शब्द असे. येथे वेळ मोजायची ती पताकेवरून. भोंगा वाजला नाही तरी सूचना ग्राह्य. कारण साधे आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. बोयापाशी असलेल्याला भोंगा एक तृतीयांश सेकंद उशिरा ऐकू येणार, आणि वारा उलटा असला तर येणारही नाही. पताका मात्र सर्वांना एकाच क्षणी दिसते.

एखाद-दुसरी होडी आधी निसटली तर ‘एक्स’ ही पांढऱ्यावर निळ्या फुलीची पताका ताबडतोब चढवायची आणि एक भोंगा द्यायचा. ती होडी परत येऊन पुन्हा सुटली तर बिघडत नाही. पण कोण निसटले ते ओळखता येणार नाही इतक्या होड्या पुढे गेल्या, तर निळी-पिवळी त्रिकोणी पताका आणि दोन भोंगे, सर्वांनाच माघारी. भरतीचे पाणी उत्तरेकडे ओढत असले की हे वारंवार घडते. मग चिडलेला पंच काळी पताका काढतो: शेवटच्या मिनिटात रेघेचे दोन टोके आणि पहिली खूण यांच्या त्रिकोणात जो सापडेल तो बाद, तेही सुनावणीशिवाय. नियमात हे बसते. तरी सुनावणीशिवाय शिक्षा या शब्दांनी माझे कान अजून टवकारतात. पुष्कळदा दोष रेघ आखडती घालणाऱ्याचा असतो आणि दंड मुलांना होतो.

एका शर्यतीत आमच्याच एका खलाश्याचा मुलगा तिसरा आला. काठावर आल्यावर फळ्यावर पाहतो तो त्याच्या होडीपुढे लवकर सुटल्याचा शेरा! आपण पुढे गेलो होतो हे त्याला कळलेच नव्हते. ‘एक्स’ वेळेवर चढली होती, पण भोंग्याची नळी रिकामी झाली होती आणि आवाज निघालाच नव्हता. त्याने दाद मागितली. पंचांनी नियमपुस्तक उघडून दाखविले: भोंगा वाजला नाही तरी चालते. मी ते पुस्तक मागून घेतले. कामगार कायद्यांची पुस्तके चाळून मला एवढी सवय होती की, वाक्य कोणत्या कलमाखाली आहे ते आधी पाहावे. ते वाक्य सुटण्याच्या वेळेच्या कलमाखाली होते. माघारी बोलावण्याचे कलम वेगळे, आणि त्यात पताका व भोंगा दोन्ही सांगितले होते. कारणही उघड आहे. सुटण्यापूर्वी प्रत्येकाची नजर पंचांच्या होडीवर असते; सुटल्यावर ती शिडावर आणि पुढच्या लाटेवर असते. मागे कोणती पताका चढली हे त्याला कानांनीच कळणार.

तक्रार समितीने तासभर ऐकून घेतले. आधी निसटल्याने झालेला फायदा वजा करून मुलाला पाचव्या क्रमांकाचे गुण मिळाले, आणि तेवढ्यावर पुढच्या स्पर्धेच्या संघात त्याचे नाव राहिले. पंच माझ्याशी दोन आठवडे बोलले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या होडीवर तोंडाने फुंकायचा एक पितळी भोंगा आला, आणि तो वाजवायचे काम त्या मुलाच्या बापाकडे देण्यात आले.